तिसरा अंक अजून पोचला नाही

वाशी,
१२ सप्टेंबर १९८२

ती. मधुकरकाकांना,
सप्रेम जयभीम.

माझं पत्र बघून तुम्हाला वाटेल, घरात कुणाचं तरी दुखणंखुपणं निघालं. तसं काही नाही. बाबा ठणठणीत आहेत आणि आईवर नेहमीसारखे खेकसत आहेत. मला तुमच्याकडून एक नाटक हवं आहे, म्हणून लिहिते आहे.

आमच्या सेक्टरमध्ये एक हौशी नाट्यमंडळ आहे. दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर मांडव घालून नाटक होतं. आजवर तीन झाली, आणि तिन्ही रावसाहेबांनी बसवली. रावसाहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. मूळचे जालन्याकडचे, एका ऑफिसात हेडक्लार्क, आवाज असा की माईक लागत नाही. तिन्ही वेळा लोक मध्यंतरात उठून घरी गेले. परवाच्या मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं की नाटकाचे दिवस संपले, पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा आणू. मी म्हणाले, नाटकाचे नाही संपले, तुम्ही बसवता त्या नाटकांचे संपले. मग ते म्हणाले, मग तुम्ही बसवून दाखवा की मिस येलवे. मी म्हणाले, दाखवते.

तर काका, ठरलं आहे ते असं. यंदाचं नाटक मी बसवणार. लोक शेवटपर्यंत बसले तर मंडळात नाटक राहील. उठून गेले तर कायमचा ऑर्केस्ट्रा, आणि वर 'बाईनं बसवलेलं नाटक' म्हणून दहा वर्षं नाव निघेल ते वेगळंच. मला ते ऐकायचं नाही.

मला खुनाचं नाटक हवं आहे, पण पोट धरून हसवणारं. मी सहावीत असताना गावी जयंतीला तुमचं विहिरीवरच्या खुनाचं नाटक पाहिलं होतं. मधेच गॅसबत्ती गेली तरी माणसं जागची हलली नव्हती. मला तसलं लिहून द्या. माणसं आठ आहेत, त्यांत बायका तीन.

काकू गेल्यापासून दोन वर्षांत तुम्ही काही लिहिलं नाही, असं बाबा म्हणतात. बाबांना सगळंच माहीत असतं असं नाही.

तुमची,
स्मिता


मंडणगड,
२५ सप्टेंबर १९८२

चि. स्मिता हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझ्या बाबांना माझ्या लेखनातलं काही कळत नाही. लहानपणीही कळत नव्हतं. मी अठरा नाटकं लिहिली, एकोणिसावं लिहायला मला आठ दिवस पुरतात. पहिला अंक सोबत पाठवला आहे, यावरून काय ते समज.

नाटकाचं नाव 'सहा बिऱ्हाडं, एक मुडदा'. तुमच्या सोसायटीसारखी एक सोसायटी. तिचे चेअरमन तात्या घारे सकाळी जिन्यात मरून पडलेले सापडतात. अंगावर ओरखडा नाही, पोटात विष नाही. सहा बिऱ्हाडं आहेत आणि तात्याने साही जणांना छळलेलं आहे. इन्स्पेक्टर येतो आणि त्याच जिन्यात खुर्ची टाकून चौकशी करतो. मुडदा तीन अंक तिथेच.

आता माझी अट ऐक. पाकिटं आठ आहेत, प्रत्येकावर पात्राचं नाव आहे, आणि प्रत्येकात फक्त त्या पात्राची नक्कल आहे. स्वतःची वाक्यं आणि आधीच्याचे शेवटचे दोन शब्द, एवढंच. अख्खं नाटक कुणालाही मिळणार नाही, तुलाही नाही. आपल्याकडे नाटकं अशीच बसत आली. दुसरं म्हणजे, आपण खुनी आहोत हे ज्याला कळतं तो नट पहिल्या अंकापासून खुन्यासारखा चालायला लागतो. आमच्या गावात एकदा शिंप्याला कळलं, तर तो प्रवेश करतानाच मिशी पिळत आला. तेव्हापासून मी शहाणा झालो.

खुनी कोण, ते फक्त मला माहीत आहे. तू निर्धास्त राहा.

तुझा काका,
मधुकर


वाशी,
१९ ऑक्टोबर १९८२

ती. मधुकरकाकांना,
सप्रेम जयभीम.

पाकिटं वाटली. दिग्दर्शिकेला नाटक न दाखवता नाटक बसवायला सांगणारे तुम्ही जगातले पहिलेच लेखक असाल. पण अंक इतका झकास आहे की मी भांडण पुढे ढकललं आहे.

कोण काय करतंय ते सांगते. इन्स्पेक्टर रावसाहेब. दुसरं काही द्यायची सोयच नव्हती, अध्यक्ष आहेत. सहा बिऱ्हाडांपैकी एक मी. बाकी शाळेत आया असलेल्या जाईबाई, औषधाच्या दुकानातला भगवान, टेम्पो चालवणारा दत्तू, विमा एजंट कमळाकर आणि शेजारच्या बोनकोडे गावची पुतळा. पुतळा आली ती सासऱ्याला घेऊन. सासऱ्याचं नाव देवजी. पूर्वी शेती होती, आता खोल्या बांधून भाड्याने देतात. गावच्या नाटकात वीस वर्षं राजाचं काम केलेला माणूस. त्यांना मुडदा दिला.

त्यांनी पाकीट उघडलं. आत एकच कागद. 'अंक पहिला, पडलेला.' त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, पाकीट झटकलं. मला म्हणाले, "बाय, माजा बाकीचा कागद पोस्टात ऱ्हायला का काय?" मी म्हटलं, एवढाच आहे. तर म्हणाले, "बोनकोड्यातून दोन टेम्पो भरून मानसं येनार हायत मना बगाला. मी त्यांना काय पाठ दाखवू?"

तेव्हा काका, मुडद्याला एखादं वाक्य द्या. खुन्याचं नावच पुटपुटला तर काय बिघडेल?

रावसाहेब रोज तालमीला येतात, वाक्यं चोख म्हणतात आणि जाताना विचारतात, तुमच्या काकांनी शेवट केलाय ना नक्की. मी सांगते, माझे काका शेवट आधी लिहितात आणि मग सुरुवात.

तुमची,
स्मिता


मंडणगड,
३ नोव्हेंबर १९८२

चि. स्मिता हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

दुसरा अंक पाठवला आहे. यात इन्स्पेक्टर एकेका बिऱ्हाडाची जबानी घेतो. तात्या त्या संध्याकाळी कुणाकडे किती वाजता आला, काय बोलला, का भांडला, हे ज्याच्या त्याच्या तोंडून येतं. लोक कुठे हसतील ते मी नकलांत फुल्या मारून दाखवलं आहे. फुलीवर थांबायचं, हशा जिरू द्यायचा, मग पुढे जायचं.

मुडद्याला वाक्य मिळणार नाही. देवजींना माझा नमस्कार सांग आणि सांग की राजा कुणीही होतो, तासभर श्वास न दिसू देता पडून राहायला नट लागतो. माझ्या अनुभवात एवढं सांगितलं की माणूस वर्षभर खूश असतो.

शेवट आधी लिहितो असं तू रावसाहेबांना सांगितलंस ते बरं केलंस.

तुझा काका,
मधुकर


वाशी,
२९ नोव्हेंबर १९८२

ती. मधुकरकाकांना,
सप्रेम जयभीम.

दुसरा अंक उभा राहिला. शाळेच्या वर्गात तालीम असते, तर आता खिडक्यांना माणसं लटकलेली असतात. जाईबाई जबानी देताना पदराने इतके डोळे पुसतात की इन्स्पेक्टरचं हसू फुटतं, आणि रावसाहेबांचं हसू फुटलेलं मी तरी याआधी पाहिलं नव्हतं. तुमच्या फुल्या बहुतेक बरोबर आहेत. दोन चुकल्या, तिथे कुणी हसत नाही, मी त्या खोडल्या.

आता एक गंमत. आठवडाभर माझ्याकडे एकेक जण हळूच येतो आहे. भगवान म्हणाला, "मॅडम, खुनी मीच आहे ना? नाही, सांगू नका, पण मीच आहे ना?" कमळाकर म्हणाला की विमा एजंटाशिवाय दुसऱ्या कुणाचा फायदा होत असेल तर ते त्याच्या धंद्याला कमीपणा आणणारं आहे. पुतळा म्हणाली, मी खुनी असेन तर सासऱ्याचा खून होतो, घरी वांधे होतील, पण झालेच तर होऊ देत. प्रत्येकाला खुनी व्हायचं आहे. कबुलीजबाबाचं मोठं भाषण असतं, टाळ्या पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि काका, सहाही जण आता खुन्यासारखे चालायला लागले आहेत. तुमची युक्ती उलटली.

तिसरा अंक पंधरा डिसेंबरपर्यंत पाठवा. नवीन माणसं आहेत, पाठांतराला महिना लागतो.

तुमची,
स्मिता


(पोस्टकार्ड)

मंडणगड,
१४ डिसेंबर १९८२

चि. स्मिता हिस आशीर्वाद. तिसरा अंक तयार आहे. फक्त सुवाच्य अक्षरात काढायचा राहिला आहे. इकडे थंडी फार, बोटं वळत नाहीत. आठ दिवसांत रजिस्टरने पाठवतो. काळजी नसावी. मधुकर.


वाशी,
२९ डिसेंबर १९८२

ती. मधुकरकाकांना,
सप्रेम जयभीम.

तिसरा अंक अजून पोचला नाही.

आठ दिवसांचे पंधरा झाले. मधे आपल्या गावचा नामा भेटला. तो सानपाड्याला राहतो, नुकताच गावाहून आला होता. मी विचारलं, काकांचे हात दुखतात का? तो म्हणाला, छे, परवा मधुकर गुरुजींनी एकट्याने कुंपण घातलं. कुंपण घालताना बोटं वळतात, मग लेखणी धरताना का वळत नाहीत?

मी तुमच्यावर रागावले आहे आणि ते लपवत नाही. मला वाटतं तुम्हाला माझा भरवसा नाही. शेवट मला आधी कळला तर मी तो कुणाला तरी सांगून टाकेन असं तुम्हाला वाटतं, किंवा मी नावाची दिग्दर्शिका आहे आणि खरं नाटक तुम्ही तिथून बसवता आहात असं तरी वाटतं. दोन्ही खरं नाही. दिवसभर मी कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसून चारशे माणसांची बोलणी जोडून देते आणि एकाचंही दुसऱ्याला सांगत नाही.

रावसाहेबांनी काल मीटिंगमध्ये तारीख दिली. पंधरा जानेवारीला तिसरा अंक त्यांच्या हातात पडला नाही तर सव्वीसला मांडवात ऑर्केस्ट्रा. त्यांनी हे हसून सांगितलं असतं तर मी भांडले असते. पण ते उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाले. त्यांनाही आता इन्स्पेक्टर सोडवत नाही.

खुनी कोण, एवढं एका ओळीत कळवा. बाकीचं मी बघते.

स्मिता


मंडणगड,
४ जानेवारी १९८३

चि. स्मिता,

तिसरा अंक नाही. हरवला नाही, पोस्टात अडकला नाही. लिहिलाच नाही. खुनी कोण ते मला माहीत नाही.

तू रागावलीस ते योग्य झालं, पण कारण चुकीचं धरलंस. तुझ्यावर भरवसा नसता तर मी हे कागद तुझ्याकडे पाठवलेच नसते. मला वाटलं होतं, दोन अंक लिहून होईपर्यंत तिसरा आपोआप येईल. नकलांची अट घातली तीही थोडी त्यासाठीच. कुणी अख्खं नाटक मागू नये म्हणून.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. अठरा नाटकांतले पहिले दोन अंक माझे. शेवट तुझ्या काकूने काढलेले. वेणूला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ती तांदूळ निवडायला बसली की मी वाचून दाखवायचो. ती मधे काही बोलायची नाही. संपलं की एकच काहीतरी विचारायची, आणि ते इतकं फालतू असायचं की मला राग यायचा. त्या विहिरीच्या नाटकाला तिने विचारलंन, "त्याच्या पायात चपला व्हत्या का?" मी म्हटलं, माणूस मेलाय आणि तुला चपलांचं पडलंय. पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी चपलांवरून खुनी सापडला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, आणि ती बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. मी एकदाही सांगितलं नाही की हिने सुचवलं. तिनेही कधी म्हटलं नाही.

ती आता नाही. गेल्या दोन महिन्यांत मी सात वेळा हा तिसरा अंक सुरू केला. प्रत्येकाला खुनी करून बघितलं, इन्स्पेक्टरलाही. जमत नाही. अंगावर ओरखडा नाही, पोटात विष नाही असं मी ऐटीत लिहून बसलो आणि आता त्यातून मलाच वाट दिसत नाही.

तू रावसाहेबांना सांग, लेखक आजारी पडला. दोष माझ्यावर घाल. मंडळींची मी माफी मागतो.

काका


वाशी,
१३ जानेवारी १९८३

ती. मधुकरकाकांना,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून मी आधी रडले, मग चिडले, मग जेवले. लेखक आजारी पडला असं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

शनिवारी सगळ्यांना बोलावलं आणि आठही नकला परत मागितल्या. म्हटलं, काकांना तपासायला हव्या आहेत. रविवारी आमच्या खोलीत पलंग उभा केला आणि कागद जमिनीवर मांडले, प्रत्येक बिऱ्हाडाची एक रांग. पहिल्यांदाच अख्खं नाटक माझ्यासमोर होतं. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्याभोवती गुडघ्यांवर फिरले. खुनी काही सापडला नाही. आई म्हणाली, ऊठ आता, भाकरी गार झाली. मी खाताना विचार करत होते की काकूने हे ऐकून काय विचारलं असतं. चपला नसत्या विचारल्या, ते दुसरं नाटक. तिने काहीतरी घरातलं विचारलं असतं. आणि भाकरीचा तुकडा हातात असताना मला सुचलं. तात्या त्या दिवशी जेवला कुठे?

उठून कागद बघितले. काका, तो जाईबाईंकडे वालाचं बिरडं जेवला, सव्वासातला. भगवानकडे मटण-भाकरी, साडेसातला. पुतळाकडे बोंबलाचं कालवण आणि भात. दत्तूकडे पुरणपोळ्या, चार. कमळाकरकडे पाहुणे आले होते म्हणून वडे आणि सागुती. आणि नऊ वाजता माझ्याकडे येऊन म्हणाला, आज उपवास आहे, तेव्हा मी त्याला साबुदाण्याची खिचडी वाढली, वर दोन केळी. साही जबान्यांत तुम्ही लिहिलंय, 'आले, बसले, जेवले, भांडले आणि गेले.'

आम्ही हे वाक्य दोन महिने रोज सहा वेळा ऐकलं. मी ऐकलं, इन्स्पेक्टरने ऐकलं, खिडकीतल्या माणसांनी ऐकलं. एकालाही वावगं वाटलं नाही. घरी आलेला माणूस जेवून गेला, यात ऐकण्यासारखं काय आहे? कुणी 'पाणीही न घेता गेला' म्हणालं असतं, तर आम्ही सगळे लगेच म्हणालो असतो, हाच खुनी.

तेव्हा ना ओरखडा, ना विष. तात्या घारे सहा जेवणांनी मेला.

तिसरा अंक मी तीन संध्याकाळींत लिहिला. इन्स्पेक्टरला हिशोब लागतो. तो म्हणतो, ज्याने ज्याने जेवू घातलं तो तो आरोपी. लगेच साही जण कानावर हात ठेवतात. आमच्याकडे फक्त चहा घेतला, आमच्याकडे तोही नाही. मग जाईबाई सहज म्हणतात, खरंच आहे, तुमच्या कालवणाने कोण मरतंय, पाणीच ते. पुतळाला ते झोंबतं. ती म्हणते, दोन ताटं भात खाल्ला त्याने माझ्या कालवणावर. मग दत्तू म्हणतो, तूप लावलेल्या चार पोळ्या पोटात असताना तुमच्या बोंबलांना कोण विचारतं? शेवटी साही जण इन्स्पेक्टरपुढे हात पुढे करून उभे, खून माझ्याच हातच्या जेवणाने झाला, बेड्या मलाच घाला. प्रत्येकाला कबुलीजबाब मिळाला. कुणाची तक्रार नाही.

देवजींना वाक्य दिलं नाही, पण मरणाआधीची संध्याकाळ दाखवायची म्हणून त्यांना उठवलं. ते साही घरी जाऊन जेवतात, न बोलता. वाचून दाखवलं तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "दोन अंक मना उपाशी झोपवलंस बाय, पन आता बग."

रावसाहेबांच्या हातात काल अंक ठेवला, तीन दिवस आधी. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि ऑर्केस्ट्राचं नाव काढलं नाही.

तुम्ही सव्वीसला या. बाबा पनवेलच्या स्टँडवर न्यायला येतील.

तुमची,
स्मिता


(पोस्टकार्ड)

मंडणगड,
१८ जानेवारी १९८३

चि. स्मिता हिस आशीर्वाद. पत्र पोचलं. तीनदा वाचलं. साही घरी जेवण मी लिहिलं हे मला आठवत नाही. पाहुणा आला आणि उपाशी गेला, असं माझ्या हातून लिहिलंच जात नाही. येणं जमणार नाही, गुडघा धरला आहे. तुझ्या बाबांना स्टँडवर पाठवू नकोस. सर्वांना यश चिंतितो. मधुकर.


वाशी,
२८ जानेवारी १९८३

ती. मधुकरकाकांना,
सप्रेम जयभीम.

कुणीही उठलं नाही.

आधी हे सांगते, कारण तुम्ही पत्र उघडून तेच शोधाल. मध्यंतरात मी पडद्याच्या फटीतून बघत होते. माणसं वडे घेऊन परत जागेवर येत होती आणि एकमेकांना खुनी सांगत होती. पुढच्या रांगेतला एक जण म्हणत होता, इन्स्पेक्टरच आहे, त्याच्या मिशीवरून कळतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या अंकात पडदा अर्ध्यावर अडकला, आणि दत्तूने दुसऱ्या अंकातलं वाक्य आधीच म्हणून टाकलं. पण तिसऱ्या अंकात देवजी उठून चालायला लागले तेव्हा बोनकोड्याच्या लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या की दोन मिनिटं नाटक थांबलं. मग ते जेवायला बसले. काका, खोटं ताट, खोटा घास, पण त्या माणसाने सहा घरचं जेवण सहा तऱ्हांनी जेवून दाखवलं. बिऱ्हाडागणिक त्यांचं उठणं जड होत गेलं. खिचडीच्या वेळी त्यांनी नुसतं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि 'नको' म्हणायला तोंड उघडून घास घेतला. हे मी सांगितलेलं नव्हतं. मांडवभर माणसं हसून हसून डोळे पुसत होती, आणि मीही स्टेजवर उभी राहून हसले, जे दिग्दर्शिकेने करायचं नसतं.

नंतर रावसाहेब मेकअप पुसत माझ्याकडे आले. म्हणाले, "मिस येलवे, पुढच्या वर्षी मला मुडदा द्या." मी म्हटलं, बघू, देवजींशी स्पर्धा आहे. मग मंडळाच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की दर सव्वीस जानेवारीला नाटक होईल आणि ते कु. स्मिता येलवे बसवतील. सगळ्यांनी सह्या केल्या. आता पंचाईत ही की दरवर्षी बसवावं लागणार.

तुम्ही यायला हवं होतं. मी रागावून नाही लिहीत. गुडघ्याचं खरं असेल तर तेल लावा, आणि खरं नसेल तर मला कारण कळलं आहे. पण लोक हसत होते तेव्हा मला सारखं वाटत होतं की हे ऐकायला तुम्ही इथे हवे होता.

तुमची,
स्मिता


मंडणगड,
५ फेब्रुवारी १९८३

चि. स्मिता हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

मी आलो होतो.

तुझ्या बाबांना स्टँडवर नको म्हटलं, कारण दादाने मला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं असतं आणि तुम्ही लेखक म्हणून हार घातला असता. ज्या अंकाला टाळ्या पडणार तो आपला नाही, हे माहीत असून हार घ्यायचा, हे मी अठरा वेळा केलं. एकोणिसाव्यांदा करवेना. नामाकडे उतरलो आणि मागे बोनकोड्याच्या बायकांच्या कडेला जागा मिळाली तिथे बसलो.

माझ्या शेजारी देवजींची थोरली बहीण होती, बयाबाई. तिने मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पदरातले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. भाऊ दोन अंक पडलेला बघून ती फार रागावली होती. मग तो उठला आणि जेवायला लागला. चौथ्या घरी ती मोठ्याने म्हणाली, "बस करा त्याला कोनतरी, मरंल ना तो." मेलेलाच होता तो. पण ती खरीच काकुळतीला आली होती, आणि तिचं बघून मला असं हसू फुटलं की आवरेना. हसता हसता मी डाव्या बाजूला वळलो, वेणूला सांगायला की अगं, ऐकलंस का. तिथे मांडवाचा बांबू होता. मी पुन्हा स्टेजकडे बघितलं, तर तू हातात ताट घेऊन उभी होतीस आणि हसत होतीस.

शेवट मला सुचला असता का? नाही. सात जन्म बसलो असतो तरी नाही. मी लेखणी घेऊन खुनी शोधत होतो, आणि तू विचारलंस तो जेवला कुठे. हे मला वेणूला सांगता आलं नाही, ते तुला सांगतो. फार उशीर करून सांगतो, पण लेखी सांगतो.

तुला न भेटता निघालो, त्याबद्दल रागाव. सकाळी पनवेलहून मंडणगडची एसटी धरली. गाडीत मला पुन्हा ते सहावं जेवण आठवलं आणि मी एकटाच हसायला लागलो. कंडक्टर तिकिटं फाडत आला. म्हणाला, "काय बाबा, एवढं काय झालं?" मी म्हटलं, काल वाशीला नाटक बघितलं. म्हणाला, "कुणाचं?"

मी त्याला सांगितलं, दोन अंक माझे होते. शेवट आमच्या घरातल्या बाईनं सांगितला.

तुझा काका,
मधुकर